जांभळ्या टोपणातले दोन मिलिलिटर

आमच्या प्रयोगशाळेत अधूनमधून एक फोन येतो आणि तो घेताना आजही माझा जीव वरखाली होतो. बाळ जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेले असते, आईला पुन्हा दिवस गेलेले असतात आणि पहिल्या बाळाचा आजार याही बाळाला आहे का, हे घरच्यांना जाणून घ्यायचे असते. त्या बाळाचे रक्त किंवा डीएनए कुठे ठेवलेला आहे का, असे मी विचारतो आणि बहुतेक वेळा नाही असेच उत्तर येते. फाइल असते, एक्स-रे असतात, बाळाचे टोपडेही जपलेले असते. रक्त मात्र तपासणी झाल्यावर टाकून दिलेले असते.

गर्भाच्या तपासणीत नेमका कोणता जनुकीय दोष शोधायचा हे आधी ठाऊक असावे लागते आणि ते सांगणारा सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे आजारी बाळाचा डीएनए. आई-वडिलांच्या रक्तावरून अंदाज बांधता येतो, पण संशयित दोष अनेक निघतात, आणि वारेचा नमुना साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घ्यायचा असल्याने हाताशी वेळही थोडा असतो. म्हणून निदान झालेले नसेल आणि बाळ अत्यवस्थ असेल, तर पालकांची लेखी संमती घेऊन दोन मिलिलिटर रक्त ठेवून द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे हे कसे मागायचे, हा प्रश्न निवासी डॉक्टरांना पडतो, आणि तो खरोखरच अवघड आहे.

रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घ्यावे. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते म्हणून रक्त गोठत नाही, आणि मॅग्नेशियमही बांधून ठेवते म्हणून डीएनए तोडणारी विकरे निष्प्रभ होतात. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणते. बाळाला रक्त चढवायचे असेल तर नमुना त्याआधीच घ्यावा, कारण दात्याच्या पांढऱ्या पेशी त्यात मिसळू शकतात आणि आपल्याला हवा असलेला डीएनए पांढऱ्या पेशींतूनच मिळतो. परिपक्व तांबड्या पेशींना केंद्रकच नसते. नळी फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवून शक्य तितक्या लवकर पाठवावी. फ्रीझरमध्ये टाकल्यास ती तडकू शकते.

पुढचे काम आमचे. तांबड्या पेशी फोडून धुऊन टाकल्या की तळाशी पांढरट गोळी उरते. ती विरघळवून, प्रथिने काढून टाकून वर थंडगार अल्कोहोल ओतले आणि नळी हलकेच उलटसुलट केली की पिंजलेल्या कापसाच्या तंतूसारखा डीएनए तरंगताना दिसतो. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मी नळी उजेडात धरतो. एक मिलिलिटर रक्तातून साधारण 20 ते 40 मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो. तो बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, विरघळवून दोन-तीन छोट्या नळ्यांत वाटून ठेवतो, कारण एकच नळी पुन्हापुन्हा वितळवली-गोठवली तर लांब साखळ्या तुटत जातात. एक नळी उणे 20 अंशांवर असते आणि दुसरी उणे 80 अंशांवर, वेगळ्या फ्रीझरमध्ये. भारनियमनाच्या दिवसांनी आम्हाला लावलेली ही सवय आहे.

माझ्या हातून झालेली चूक मात्र तापमानाची नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साध्या मार्करने लिहिलेली चार लेबले स्पिरिटच्या बोळ्याने पुसली गेली आणि उत्तम प्रतीचा डीएनए कोणाचा आहे हेच सांगता येईना. ते चारही नमुने पुन्हा मागवता आले, कारण रुग्ण हयात होते.

आता प्रत्येक नळीवर छापील क्रमांक असतो आणि तोच क्रमांक मी वहीत पेन्सिलीनेही लिहितो.