शिरोलीत पावसाळ्यात रंग तपासायला जाताना

रात्री पुण्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, सकाळी कोल्हापूर. जुलै, बाहेर रिपरिप. काम शिरोली एमआयडीसीत: पंपांच्या बारा बेसफ्रेम (पंप बसवायच्या लोखंडी चौकटी), त्यांवर झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा जस्तयुक्त पहिला थर, वाळल्यावर ७५ मायक्रॉन जाड. घाईघाईत मिसळ टाळून थेट शॉपवर गेलो, हीच चूक.

फ्रेम आदल्या संध्याकाळीच ब्लास्ट करून, म्हणजे हवेच्या जोराने बारीक खडी मारून गंज काढून ठेवलेल्या. रात्रीत कडांवर चहाच्या डागासारखी तांबूस झाक धरली होती. लोखंड किती साफ झालंय ते ठरवणाऱ्या आयएसओ ८५०१-१ या मानकातल्या फोटोंशी ताडून बघितलं. एसए अडीच (जवळजवळ पूर्ण साफ) म्हणावं असं काही उरलं नव्हतं. पेंटरमामा मात्र गन जोडून तयार.

"साहेब, हात लावून बघा, कोरडं हाय की!"

हाताला कोरडंच लागत होतं. पण हवा २५ अंश, आर्द्रता ८८ टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २३ च्या आसपास आणि लोखंड २४ वर. ते दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं. मालक वैतागले, पण फ्रेम पुन्हा ब्लास्टिंगला गेल्या. दुपारी दोनला हवा २९, आर्द्रता ७२, लोखंड २७. दवबिंदू साडेतेवीसच्या आतच. मग गन सुरू. तुम्ही जाल तेव्हा सकाळी निवांत मिसळ खा, आणि ब्लास्टिंग त्याच दिवशी करायचं हे आधीच फोनवर ठरवून घ्या.

दुसरा घोळ थिनरचा. डब्यावर व्हॉल्यूम सॉलिड (रंग वाळल्यावर उरणारा भाग) ६० टक्के, म्हणजे सुक्या ७५ साठी ओला थर १२५. मामांनी दहा टक्के थिनर ओतला आणि ओल्या थराची जाडी मोजायचा कंगवा १२५ दाखवतोय म्हणून हात थांबवला. वाळल्यावर जाडी मोजायच्या मीटरवर ६८! थिनर धरून ओला १३८ लागतो. हिशेब मांडून दाखवल्यावर मामांनी तो खडूने भिंतीवरच लिहून ठेवला. झिंक तळाशी बसतं, त्यामुळे फवारणी चालू असतानाही भांडं ढवळत राहायला एक माणूस मागून घ्या. मीटर आणि कॅलिब्रेशनच्या पट्ट्या (मीटर बरोबर दाखवतोय का ते तपासायच्या) स्वतःच्या न्या. तिथल्या मीटरची बॅटरी नेमकी त्याच दिवशी उतरते.

गाडीने जाणार असाल तर निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावरच पंचगंगेचं पाणी आलं होतं.