आईचा प्रश्न आणि मधले सहा तास

सोलापूरच्या बाळे भागाजवळ धाकट्या भावाच्या गाडीला ट्रकने ठोकलं. तिसऱ्या दिवशी आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, "दादा, त्याचा मेंदू मृत झालाय." आई ऐकेना. "छाती हलतीय की त्याची! अंग गरम हाय. मग गेला कसा?"

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, अवयव हवेत म्हणून घाई चाललीय. हॉस्पिटलात अवयवदानाचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर ताईंनी शांतपणे सांगितलं, अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी तपासावं लागतं, तेही दोनदा, मध्ये किमान सहा तास सोडून. त्या चौघांपैकी कुणीही प्रत्यारोपणाच्या टीममधला चालत नाही. माझ्या मनातली शंका तिथे फिटली.

दुसऱ्या तपासणीला मला खाटेजवळ उभं राहू दिलं. व्हेंटिलेटर काढला, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवला. मॉनिटरवर ठोके पडत होते. मी छातीवरच्या चादरीच्या घडीकडे बघत राहिलो. कितीतरी मिनिटं ती घडी हलली नाही. बाहेर येऊन आईला एवढंच सांगितलं, "श्वास मशीनचा होता गं." ती खाली बसली.

फॉर्म नंबर ८, म्हणजे नातेवाइकाच्या संमतीचा कागद, त्यावर सही भावाच्या बायकोची. कोणते अवयव द्यायचे ते एकेक विचारतात. किडन्या आणि लिव्हरला ती हो म्हणाली, त्वचेला नाही. का, ते कुणी विचारलं नाही. डोळ्यांचं मात्र तिने आपणहून सांगितलं.

खरा वेळ गेला पोलिसांच्या कागदांत. अपघाती मृत्यू, म्हणजे पंचनामा, ना हरकत, शवविच्छेदन. हद्द कुणाची यावरच दोन तास मोडले, आणि तिकडे भावाचं बीपी घसरत होतं. अशी वेळ कुणावर आली तर घरातल्या एकाने एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलात झालेल्या नोंदीचा नंबर) घेऊन आधीच ठाण्यात जाऊन बसावं.

सोलापूर पुण्याच्या विभागीय समन्वय समितीकडे येतं. कुणाला काय द्यायचं ते तिथल्या प्रतीक्षायादीवरून ठरतं, आमचा त्यात शब्द नाही. एक किडनी इथेच राहिली, लिव्हर ग्रीन कॉरिडॉरने, म्हणजे पोलिसांनी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याने, पुण्याला गेलं. घेणाऱ्यांची नावं कळत नाहीत. पैशाची देवघेव गुन्हा आहे, आणि अवयव काढण्याचा खर्च आमच्या बिलात लागला नाही.

पहाटे भाऊ ताब्यात मिळाला. आईने चादर बाजूला करून टाक्यांवरून हात फिरवला. "नीट शिवलंय," म्हणाली, आणि चादर पुन्हा गळ्यापर्यंत ओढली.