सोचा नदीच्या काठाने उगमापासून समुद्रापर्यंत: जाणाऱ्यांसाठी रोखठोक माहिती

सोचाच्या उगमाबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे एकच वाक्य सापडलं: हटपासून (डोंगरातलं मुक्कामाचं घर) पंधरा मिनिटं, लहान मुलंसुद्धा जातात. वेळ बरोबर आहे. बाकीचं वाक्य ज्याने लिहिलं त्याने शेवटचे शंभरेक पावलांचे कातळ एक तर पाहिले नाहीत, नाहीतर मुद्दाम सांगितले नाहीत. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याच टप्प्याबद्दल लिहिते.

स्लोव्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यात, ज्युलियन आल्प्सच्या पोटात त्रेंता नावाची दरी आहे. क्रान्यस्का गोराहून वर्शिच खिंडीचा (१६११ मीटर) घाट चढून पलीकडे उतरलं की या दरीत येतो. घाटाला दोन्ही बाजू मिळून पन्नास वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर नंबराची पाटी आहे. उतार संपत आला की उगमाकडे जाणारा छोटा रस्ता फुटतो, तो हटपर्यंत जातो. इथपर्यंत गाडी येते, म्हणून चप्पल घातलेली माणसंही येतात.

हटच्या मागून झाडीतून नागमोडी चढ लागतो. त्यात काही नाही. मग झाडी संपते आणि उघडा चुनखडीचा कातळ समोर येतो. त्याच्या अंगावरून आडवं जायचं. पाय ठेवायला कुठे फूटभर, कुठे वीतभर जागा, हाताशी खडकात ठोकलेल्या खुंट्यांमधून ओवलेली पोलादी दोरी आणि खाली घळीतून धावणारं पाणी. कातळ इतक्या बुटांनी घासला गेलाय की खाचांच्या कडा गोल झाल्यात आणि ओल आली की त्या साबणासारख्या सटकतात. दोन खुंट्यांमध्ये दोरी थोडी सैल असते, त्यामुळे भार टाकला की ती आपल्याबरोबर बाहेर येते. ते ठाऊक नसेल तर काळजाचा ठोका चुकतो. दोरीवर लोंबकळायचं नाही, वजन पायावरच ठेवायचं, दोरी फक्त तोल सावरायला.

खरा त्रास वेगळाच आहे. जायची आणि यायची वाट एकच, दोरी एकच. आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी दहानंतर वर माणसांची माळ लागली होती. मधोमध एक कुटुंब अडकलं होतं: वडिलांच्या पाठीवर मूल, आईच्या पायात सपाट तळाच्या सँडल. मागचे पुढे ढकलतायत, पुढचे मागे यायला बघतायत. माझी मावसबहीण माझ्यापुढे होती. ती तिथेच खडकाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तू हलू नकोस. आधी ते सगळे खाली येऊ देत." वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तशाच उभ्या होतो, पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या.

माझं मत स्पष्ट आहे. हरिहरच्या पायऱ्या ज्यांनी गर्दीत चढून-उतरून पाहिल्यात त्यांना इथे अडचण नाही. ज्यांना उंचीची भीती आहे, ज्यांच्यासोबत दहा वर्षांखालचं मूल आहे किंवा ज्यांच्याकडे चांगल्या पकडीचे बूट नाहीत त्यांनी दोरी सुरू होते तिथूनच परतावं. पाऊस चालू असेल तर कुणीच जाऊ नये. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर कातळ तुमच्या एकट्याचा असतो.

शेवटी काय दिसतं तेही सांगते, कारण निराश होणारे बरेच भेटले. डोंगराच्या चिरेतली एक गुहा आणि तिच्या तोंडाशी गर्द निळं, खोल, हलतंय की नाही कळू नये असं पाणी. तिथून ते काठावरून सांडतं आणि लगेच खाली कोसळायला लागतं. वरच्या चुनखडीत मुरलेलं पाणी इथे बाहेर पडतं, त्यामुळे कोरड्या दिवसांत पातळी गुहेच्या आत उतरते आणि लोकांना अंधारात एक डबकं तेवढं दिसतं. चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस ऊन पडलेलं असेल तो मुहूर्त साधा. मला ते पाणी दिसलं आणि उभं राहून दुखणाऱ्या पोटऱ्या मी विसरले, हे अगदी खरं.

उगमापासून बोवेत्सपर्यंत सोचा ट्रेल आहे, साधारण पंचवीस किलोमीटरची खुणा केलेली पायवाट, झुलत्या पुलांवरून या काठाची त्या काठाला जाणारी. सोपी आहे, सुंदर आहे, चुकायला वाव नाही. वाटेत सोचा गावाजवळची मोठी घळ (वेलिका कोरिता) चुकवू नका: ७५० मीटर लांब, पंधरा मीटरपर्यंत खोल आणि काही जागी इतकी अरुंद की पलीकडच्या माणसाशी न ओरडता बोलता येतं. तिथे तरुण पोरं उड्या मारतात. तुम्ही मारू नका. पाणी ऐन उन्हाळ्यातही बर्फगार असतं आणि कपारी पाण्याखाली आत शिरलेल्या आहेत. पाण्याचा तो पाचूसारखा रंग फोटोत खोटा वाटतो, डोळ्यांना मात्र तसाच दिसतो. नितळ, थंड पाणी आणि त्याखालचे पांढरे चुनखडीचे गोटे यांची ती करामत.

आता बोवेत्स. बोवेत्सला पैसे सांभाळा. हे राफ्टिंगचं गाव आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा भाव वेगळा असतो. नदीत होडी घालायला परवाना लागतो, चढायच्या-उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत. म्हणून राफ्टिंगचा भाव विचारताना परवाना, वेटसूट, बूट, ने-आण हे सगळं धरून किती, असं एकेक नाव घेऊन विचारा. आम्हाला लुटलं ते मात्र राफ्टिंगवाल्याने नव्हे. मोस्त ना सोचीच्या स्टेशनवर दुपारची गाडी गाठायची होती, रविवार होता आणि रविवारी बस फारच तुरळक. एका खासगी गाडीवाल्याने फोनवर चाळीस युरो सांगितले. स्टेशनवर उतरल्यावर सत्तर मागितले: दोन सॅकचे वेगळे, रविवारचे वेगळे आणि स्टेशन गावाबाहेर आहे म्हणून त्याचे वेगळे. सॅक डिकीत, गाडी पाच मिनिटांवर, भांडायला वेळ नाही. द्यावे लागले. आजही आठवलं की डोकं तापतं. साध्या बसचं तिकीट याच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा रविवारी बोवेत्स सोडायचं नियोजन करूच नका. गाडी ठरवलीच तर एकूण रक्कम मेसेजवर लिहून घ्या, त्यात "सामानासकट, स्टेशनपर्यंत" हे शब्द आले पाहिजेत. आणि हो, मोस्त ना सोचीचं स्टेशन गावात नाहीच, काही किलोमीटर आत इद्रियत्सा नदीच्या काठी आहे. गावात उतरून "स्टेशन कुठाय" विचाराल तर पाठीवर ओझं घेऊन चांगली पायपीट होईल.

बोवेत्सच्या खाली झागा गावाशी नदी एकदम वळते. तोवर नैऋत्येला जात असते, तिथून आग्नेयेला कोबारिदकडे निघते. कोबारिदला एक मुक्काम कराच, धबधब्यासाठी नव्हे, म्युझियमसाठी. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१७ या काळात या नदीवर इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. पहिल्या अकरा इटलीच्या चढाया, बहुतेक त्याच त्या डोंगरांसाठी. बारावी २४ ऑक्टोबर १९१७ ला ऑस्ट्रियन-जर्मन फौजांनी सुरू केली, बोवेत्सजवळ विषारी वायू सोडला, कोबारिदला फळी फोडली आणि इटालियन सैन्य थेट पियावे नदीपर्यंत मागे हटलं. इटालियन लोक या गावाला कापोरेत्तो म्हणतात. गावावरच्या टेकडीवर सात हजारांहून अधिक इटालियन सैनिकांचं अस्थिस्मारक आहे. तिथे उभं राहून खाली नदीकडे बघितलं की आपण कालपर्यंत जिचे फोटो काढत होतो ती हीच, हे पचायला जड जातं.

तोल्मिनचे दिवस आरामाचे गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मोस्त ना सोचीला इद्रियत्सा येऊन मिळते आणि इथून नदीचा स्वभावच बदलतो. दोब्लार (१९३९), प्लावे (१९४०) आणि सोल्कान (१९८४) या जलविद्युत प्रकल्पांनी तिला टप्प्याटप्प्याने अडवलंय. गावापाशी हिरवागार, निवांत तलाव आहे. लोक त्यात बोटी फिरवतात, पण वरच्या अंगाला पाहिलेल्या नदीचा आवाज इथे नाही. बोवेत्सहून परत फिरणारे बहुतेक लोक हे कधी पाहतच नाहीत.

मोस्त ना सोचीहून नोवा गोरित्साला रेल्वेनेच जा. ही १९०६ ची जुनी ऑस्ट्रियन लाइन, डबे साधे, वेग बेताचा. खिडकीची जागा धरा. कानालच्या पुलावरून दर ऑगस्टमध्ये सतरा मीटरवरून नदीत सूर मारायची स्पर्धा होते. सोल्कानच्या पुलाबद्दल मात्र फसू नका. ८५ मीटरची त्याची कमान म्हणजे दगडी रेल्वेपुलांमधली जगातली सर्वांत मोठी. पण गाडीत बसून ती दिसतच नाही, कारण आपण तिच्याच डोक्यावरून जात असतो. नोवा गोरित्साला सामान ठेवा आणि चालत किंवा सायकलने सोल्कानला परत या, नदीकाठी उतरा, मग मान वर करून बघा. महायुद्धात ही कमान उडवली होती, १९२७ मध्ये पुन्हा बांधली.

इथे एक इशारा. सोल्कान धरणाच्या खाली पाण्याची पातळी वीजनिर्मितीच्या वेळेप्रमाणे चढते-उतरते. वर ऊन असो, आभाळ निरभ्र असो, गोट्यांच्या बेटावर डबा उघडून बसू नका. काठावरच बसा.

सीमा नोवा गोरित्सा आणि गोरित्सिया यांच्यामधून जाते. १९४७ च्या तहाने जुनं शहर इटलीकडे राहिलं, स्टेशन युगोस्लाव्हियाकडे आलं, आणि शहर हातचं गेलेल्या युगोस्लाव्हियाने शेजारी नवं शहर वसवलं, तेच नोवा गोरित्सा. स्टेशनसमोरच्या चौकातलं कुंपण २००४ मध्ये काढलं. आता एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा चालतो, चलनही युरोच. पण इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर तो हॉटेलात ठेवून "जरा पलीकडे कॉफी पिऊन येऊ" असं करू नका. मुख्य रस्त्यावर आम्हाला पोलिसांनी थांबवलं, पासपोर्ट पाहिले, व्हिसाचं पान उलटलं आणि दोन मिनिटांत सोडलं. पासपोर्ट नसते तर दोन मिनिटांत सुटलो नसतो.

पलीकडे नदीचं नाव इझोन्त्सो. १३८ किलोमीटरपैकी इटलीच्या वाट्याला तिसरा हिस्साही पुरता येत नाही, पण नदी कळायला तोच सर्वांत जास्त उपयोगी पडला. डोंगर मागे राहतात, पात्र पसरतं, पांढऱ्या गोट्यांचे पट्टे रुंद होत जातात. विपावा येऊन मिळते, पुढे तोर्रे. साग्रादोला बंधारा आहे, तिथून पाणी कालव्यात वळवलं जातं. त्याच्या खाली ऐन उन्हाळ्यात पात्रात गोटेच गोटे आणि मध्ये एक क्षीण धार. मी पुलाच्या कठड्याला टेकून ती धार शोधत होते. उगमाशी ज्या पाण्यासाठी दोरी धरून उभी राहिले होते त्यातलं इथवर किती पोहोचलं असेल, असं मनात आलं आणि अतिशय वाईट वाटलं. शेतं पिकतात, वीज येते, हे सगळं मान्य. तरी वाईट वाटलं.

इटलीकडचा भाग सायकलने करा, जमीन सपाट आहे. मात्र ऑगस्टमध्ये अजिबात नको: सावली नाही, खडी तापलेली असते आणि घोटभर पाण्यासाठी गावं शोधावी लागतात. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. साग्रादोच्या जवळ रेदिपुल्याचं युद्धस्मारक आहे, एक लाखाहून अधिक सैनिक तिथे आहेत. टेकडीभर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर तोच शब्द, 'प्रेझेंते' (हजर), पुन्हा पुन्हा कोरलेला. भर उन्हात चढू नका, सकाळी जा.

मुखाजवळ ईझोला देल्ला कोना हे राखीव पाणथळ क्षेत्र आहे. तिकीट आहे, ते वाजवी आहे. कामार्ग जातीचे पांढरे घोडे आणि पक्षी बघायला लपणं बांधलेली आहेत. दुर्बीण आणि डासांचं मलम दोन्ही हवं, मलम आधी. नदी समुद्राला मिळते ती नेमकी जागा बघायची तर आणखी पुढे पुंता स्दोब्बापर्यंत सायकल न्या. मासेमारीच्या झोपड्या आणि चिखलाचा वास, दुसरं काही नाही. तरी जा.

मुक्काम मोन्फाल्कोनेला करा, रेल्वेला सोयीचं. जहाजबांधणीचं गाव आहे, त्या कामासाठी आलेल्या बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे. स्टेशनकडून गावात येताना त्यांची दुकानं लागतात. एका दुकानात मसूर डाळ, तांदूळ, हिरव्या मिरच्या मिळाल्या. मालकाने हिंदीत विचारपूस केली आणि कोथिंबिरीची जुडी पैसे न घेता पिशवीत टाकली. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, त्या रात्री वरणभात करून जेवा. सकाळी त्रिएस्तेची लोकल पकडा, अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते.