प्रार्थना आटपली का?

संध्याकाळी आठच्या सुमारास वसईतल्या एखाद्या ख्रिस्ती घरात फोन केला, की इकडच्या तिकडच्या चौकशीत एक प्रश्न हटकून येतो: जपमाळ आटपली का? दळण आणलं का, पाणी भरलं का, त्याच यादीतला हा प्रश्न. विचारणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण जपमाळ हे घरातलं एक कामच असतं. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येकात एक प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली ‘आमच्या स्वर्गातील’ ही, आणि मरियामातेची दहा नमो मरिये. सुरुवातीच्या तीन धरल्या तर नमो मरियेच 53 होतात. मग लितानी, म्हणजे मरियेच्या नावांची आळवणी, मग घरातल्या मयतांसाठी एक, परीक्षेला बसलेल्या भाच्यासाठी एक. गुडघे दुखू लागतात, कुकरची शिटी होते, मालिकेची वेळ होते. माळ सांगणारीचं प्रार्थनेचं अर्धं म्हणून व्हायच्या आतच बाकीच्यांनी उरलेलं अर्धं उचललेलं असतं. प्रत्येक घराण्यात एक वेगवान काकी असतेच. माळ तिच्या हाती गेली की मुलं खूश.

पोप सहावे पॉल यांनी 1974 साली लिहिलं होतं, की जपमाळेला संथ लय हवी, रेंगाळणं हवं. मनन नसेल तर ती आत्म्याविना देह. बरोबरच आहे. पण काकीचीही एक बाजू आहे. जपमाळेची घडणच अशी, की ओठांना एक काम आणि मनाला दुसरं. ओठ नमो मरिये म्हणत असतात तेव्हा मनाने येशू जन्मला त्या बेथलेहेमच्या गोठ्यात, नाहीतर अटकेआधी त्याने प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेत असायचं. काकीचं असतं की नाही, ते तिचं तिला ठाऊक. वेगाचं मला तसं फारसं वावडं नाही. पण हातात घेतलेली प्रार्थना शेवटपर्यंत नेलीच पाहिजे, ही जी समजूत आपल्यात घट्ट बसली आहे, ती थोडी सैल झाली तर बरं.

आणि ती सैल करायला परवानगी आहे. चांगली जुनी, पोपच्या मंजुरीची. येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचा, संस्थापक संत इग्नाती लोयोला हा मुळातला लढवय्या गडी. 1521 साली पॅम्प्लोनाच्या लढाईत पायावर तोफगोळा बसला आणि अनेक महिने अंथरुणात काढावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीतून त्याच्या आध्यात्मिक साधनेला सुरुवात झाली, आणि पुढे त्या साधनेचं पुस्तक 1548 साली रोमच्या मान्यतेने छापलं गेलं. त्यात प्रार्थनेच्या काही रीती दिल्या आहेत. त्यातली एक अशी: गुडघे टेका किंवा बसा, जसं जमेल तसं. डोळे मिटा किंवा एका जागी ठेवा, इकडेतिकडे फिरू देऊ नका. मग प्रभूच्या प्रार्थनेचा पहिला शब्द घ्या आणि त्यात गोडी लागते आहे तोवर तिथेच राहा. गोडी संपली की पुढचा शब्द. असा एक तास. आणि तास संपला तरी पहिल्याच शब्दावर असलात? काही बिघडत नाही. पुढे जायची काळजी करू नका, उरलेली प्रार्थना नेहमीसारखी म्हणून टाका आणि उठा.

हे वाचून मला फार हायसं वाटलं. शिस्तीचा एवढा भोक्ता असलेला माणूस स्वतःच सांगतो आहे, की पुरी नाही झाली तरी चालेल!

त्याची आणखी एक सूचना माझ्या जास्त उपयोगाची आहे, कारण तिला तास लागत नाही. प्रार्थनेला बसायच्या जागेपासून एकदोन पावलं अलीकडे उभं राहायचं, आणि देव आपल्याकडे बघतो आहे एवढंच मनात आणायचं. किती वेळ? एक प्रभूची प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा. घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हाच्या युरोपात हे मापच होतं; स्वयंपाकाच्या पाककृतींतसुद्धा अमुक पदार्थ एक प्रभूची प्रार्थना होईपर्यंत उकळा, असं लिहिलेलं सापडतं. आमच्या घरच्या वेगाने उकळला असता तर कच्चाच खावा लागला असता.

असं थांबून बसणं हे मठातल्या पोचलेल्या लोकांचं काम, असंही पुष्कळांना वाटतं. आविलाची संत तेरेजा, जी स्वतः या विषयातली अधिकारी बाई, तिने एका म्हाताऱ्या बाईची हकीगत लिहून ठेवली आहे. ही बाई तिच्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाली, मला ध्यान म्हणून जमतच नाही, मी आपली तोंडाने प्रार्थना म्हणते. तेरेजाने खोदून विचारलं तेव्हा दिसलं, की प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणता म्हणता ही बाई केव्हाच तिथे पोचली आहे, जिथे पोचण्यासाठी बाकीच्या धडपडत असतात. तिला फक्त ते माहीत नव्हतं. फ्रान्समधल्या आर्स गावाच्या शेतकऱ्याचंही तसंच. तो चर्चमध्ये नुसता बसून राहायचा. काय करतोस, असं धर्मगुरूंनी विचारलं तर म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे बघतो. पंढरीला जाणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आमच्याकडे ही गोष्ट मुंबईत 1931 साली जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी पुष्कळांना शिकवली. लोणावळ्याच्या त्यांच्या साधना संस्थेत आलेल्या पाद्र्यांना आणि सिस्टरांना ते आधी श्वासाकडे, कानावर पडणाऱ्या आवाजांकडे लक्ष द्यायला लावत. यावर, हे तर योगातून आणि विपश्यनेतून घेतलं, अशी कुजबुज झालीच. डिमेलोंनी पूर्वेकडून भरपूर घेतलं हे खरं, आणि त्यांच्या काही मतांबद्दल रोमने 1998 साली सावधगिरीची सूचना काढली हेही खरं. पण श्वासाचा राग धरणाऱ्यांनी इग्नातीचं पान उलटून बघावं. त्याच्या पुढच्याच रीतीत एका श्वासाला प्रार्थनेचा एक शब्द, असा हिशोब दिलेला आहे.

गंमत म्हणजे चर्चच्या उपासनेतही थांबायच्या जागा आखून दिलेल्या आहेत. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला धर्मगुरू म्हणतात, ‘आपण प्रार्थना करू या.’ नियम असा, की यानंतर सगळ्यांनी थोडा वेळ शांत राहायचं, आपापलं मागणं मनात आणायचं आणि मग धर्मगुरूंनी पुढचं म्हणायचं. प्रत्यक्षात ‘या’ आणि पुढचा शब्द यांच्यात माशी शिरेल एवढीही फट राहत नाही. कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर घेऊन झाल्यानंतरची शांतता सूचनांनी भरते. आराधनेच्या तासाला मौन जाहीर झालं की गायकवृंदातलं कोणीतरी कळवळून पेटी उघडतं. शांततेत माणसं अवघडतील अशी त्यांना काळजी वाटत असावी, आणि ती अगदीच खोटी नाही. शांत बसलं की पहिल्यांदा देव आठवत नाही. गॅस बंद केला होता का, ते आठवतं.

सध्या माझा मुक्काम प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमच्या’ या शब्दावर आहे. सोपा वाटला होता. मी एकटीने म्हटलं तरी ‘माझ्या’ म्हणायची सोय त्या प्रार्थनेत नाही. मग त्या ‘आमच्या’त कोण कोण येतं ते बघत बसावं लागतं. घरची माणसं येतात, गेलेली येतात, लोकलमध्ये चौथी सीट न देणारी बाई थोडी कुरकुर करून आत येते. अडतं ते कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्याशी बोलणं टाकलेल्या शेजाऱ्यांपाशी. वेगात म्हणताना तेही त्या शब्दात बसून निघून जायचे, मला पत्ता नसायचा. आता दाराशीच उभे आहेत.

इग्नाती म्हणतो, एक शब्द पुरता झाला की दुसऱ्या दिवशी तो नुसता म्हणायचा आणि मन पुढच्यावर न्यायचं. पुढचा शब्द ‘स्वर्गातील’. त्याआधी भिंतीचं काहीतरी करावं लागेल, असं दिसतं.