अमेरिकेतली ई-टाइप इंग्लंडात आणायची असेल तर

जग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यातून बहात्तर हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त परदेशी गेल्या, बहुतेक अमेरिकेलाच. त्यामुळे आज युरोपातला खरेदीदार कॅलिफोर्निया नाहीतर टेक्सासच्या जाहिराती चाळत बसतो. तिकडचा भाव आणि इकडचा भाव यांच्यातला फरक बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. भाडं, विमा, कर, लिलावघराचं कमिशन यांत तो फरक बहुतेक वेळा विरून जातो. उरतं ते गाडीचं अस्सलपण. ते मात्र खरेदीदार, कस्टम आणि नोंदणी कार्यालय असे तिघंही तपासतात.

इथे उदाहरण घेतलंय ते पहिल्या सीरीजच्या ४.२ लिटर गाडीचं, म्हणजे १९६४ ते १९६८ मधली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली.

सुरुवात नंबरांपासून. या गाड्यांचे चॅसी नंबर स्टिअरिंगच्या बाजूप्रमाणे वेगवेगळ्या मालिकांत दिलेले आहेत. उघड्या टपाची उजव्या स्टिअरिंगची गाडी १ई १००१ पासून, डाव्या स्टिअरिंगची १ई १०००१ पासून. बंद टपाची उजवी १ई २०००१ पासून, डावी १ई ३०००१ पासून. हे चार आकडे पाठ असले की निम्मं काम फोटोवरच उरकतं. समोरची गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे आणि नंबर १ई १२ हजारांत आहे, तर ती कारखान्यातून डावी निघाली आणि नंतर कोणीतरी बदलली. त्यात पाप काही नाही, पण जाहिरातीत तसं लिहिलेलं हवं आणि भावही त्या मानाने कमी हवा.

नंबर चार असतात: चॅसी, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स. चारही बॉनेटखालच्या पट्टीवर कोरलेले असतात. पण पट्टी नवी मिळते, रिव्हेट मारून बसवता येते, तेव्हा नुसत्या पट्टीवर विसंबायचं नाही. ठोकलेले नंबर बघायचे. चॅसी नंबर पुढच्या चौकटीवर, उजवीकडे शॉक अॅब्सॉर्बरच्या माउंटिंगजवळ असतो. इंजिन नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आणि पुन्हा सिलिंडर हेडच्या पुढच्या भागात. ४.२ चा नंबर ७ई ने सुरू होतो, आणि शेवटचा ८ किंवा ९ हा कॉम्प्रेशन रेशो सांगतो. ब्लॉक एका नंबरचा आणि हेड दुसऱ्याच नंबरचं, हे फार वेळा दिसतं. हेड तापून वाकतं, म्हणून बदललं जातं. ब्लॉक बदललेला असेल तर मामला गंभीर.

या सगळ्याची पडताळणी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्राने होते. कारखान्याच्या नोंदवहीतून ते मूळ नंबर, मूळ रंग, उत्पादनाची तारीख आणि गाडी कोणत्या वितरकाकडे गेली हे देतात. विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर बयाणा देण्याआधी ते मागवायला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला की समजून जा.

इथे एक खोच आहे. ज्या चौकटीवर चॅसी नंबर असतो ती बोल्टने बसवलेली असते. पुढचा सगळा सांगाडा पातळ पोलादी नळ्यांचा, आणि त्या आतून गंजतात. बाहेरून रंग तुकतुकीत, आत पापुद्रे. अपघातात चौकट वाकली किंवा गंजली की ती बदलतात, आणि नवी चौकट कोरी येते. मग नंबर पुन्हा ठोकावा लागतो. म्हणजे ताजा ठोकलेला नंबर दिसला म्हणून लगेच चोरीची गाडी असं नाही. पण मग चौकट बदलल्याचं बिल, जुन्या चौकटीचे फोटो, शक्य असेल तर नंबर असलेला जुना तुकडाच हवा. यातलं काहीच नसेल, आणि नंबराभोवती ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील, तर व्यवहार सोडून द्या.

आता कागद. अमेरिकेत मालकीचा दाखला म्हणजे टायटल, आणि ते राज्य देतं. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यूयॉर्क १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल देतच नाही. तिथे हस्तांतर करता येणारी नोंदणी हाच पुरावा. काही राज्यांत जुन्या गाड्यांची नोंद त्या काळी इंजिनच्या नंबरावर झाली. टायटलवर ७ई ने सुरू होणारा आकडा आणि गाडीवर १ई ने सुरू होणारा, अशी गाडी बंदरावर अडकते. दुरुस्ती विकणाऱ्याने त्याच्या राज्याच्या वाहन कार्यालयात करून घ्यायची, पैसे देण्याआधी. तिसरी भानगड म्हणजे टायटलवर विकणाऱ्याचं नावच नसणं. त्याने गाडी घेतली, स्वतःच्या नावावर न करता पुढे विकायला काढली. सही मात्र त्याच्याही आधीच्या मालकाची, आणि तो आता सापडत नाही. बँकेचा बोजा टायटलवर शिल्लक असेल तर तो उतरवल्याचं पत्र वेगळं लागतं. अमेरिकी कस्टमला मूळ टायटल निर्यातीच्या किमान ७२ तास आधी दाखवावं लागतं. झेरॉक्स चालत नाही.

गाडी प्रत्यक्ष बघायला जाणं झालं नाही तर जग्वार कळणारा स्थानिक मेकॅनिक लावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला पुढची कामं सांगा.

ई-टाइपला मधल्या भागात वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून दाराखालचे सिल गंजले की गाडीचा कणाच मोडला. जॅक लावून मागचा भाग उचला आणि दार उघडून बंद करून बघा. दार अडकत असेल, वरची फट बारीक होत असेल, तर सिलमध्ये जीव नाही. उघड्या टपाच्या गाडीत हे लगेच कळतं, कारण वरून धरायला छप्परच नाही. सिलच्या पाणी निघायच्या भोकातून एंडोस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घाला. मागच्या रेडियस आर्म (मागची चाकं जागेवर धरणारे दांडे) जिथे फ्लोअरला जोडलेल्या असतात तिथलं जाड मळकट अंडरकोटिंग खरवडून बघायची परवानगी मागा. बॉनेट अख्खं एकसंध दिसतं आणि महाग असतं, त्यामुळे ठोकर खाल्लेलं बॉनेट बदलण्यापेक्षा लांबी (पुट्टी) भरून उभं केलेलं असतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवा. १००-१५० मायक्रॉन म्हणजे बहुतेक एकच थर, त्याच्या दुप्पट म्हणजे दुसऱ्यांदा रंगवलेली, हजाराच्या वर आकडा गेला की खाली लांबी आहे. अशी दोन-तीन ठिकाणं चालतात. सगळा सिलच हजाराच्या वर असेल तर किमतीत नव्या पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम धरा.

वाळवंटातल्या गाडीचा पत्रा कोरडा राहतो हे खरं. पण उन्हाने रबर, वायरिंगचं आवरण, डॅशबोर्ड, सीटचं कातडं सगळं भाजून निघतं. ते सगळं बदलण्याचा खर्च लोक धरत नाहीत.

यांत्रिक बाजूला इंजिन दणकट आहे. गरम झाल्यावर ३००० आरपीएमला तेलाचा दाब ४० पीएसआयच्या आसपास हवा. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. खरी डोकेदुखी मागे आहे. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नाहीत, ते डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) चिकटून आत आहेत. ब्रेकच्या उष्णतेने डिफरन्शियलचे सील कडक होतात, तेल गळून डिस्कवर येतं, आणि मागचे ब्रेक लागेनासे होतात. सील किमतीला किरकोळ, पण तिथे हात पोचायला मागचा अख्खा पिंजरा खाली उतरवावा लागतो. तेव्हा गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्चने आतल्या डिस्क बघायलाच हव्यात. ओल्या, काळ्या दिसल्या तर भावात तेवढी मजुरी कमी करून मागा.

तिथेच खाली डिफरन्शियलच्या बोल्टखाली एक छोटी पत्र्याची चकती असते. तिच्यावर ४६ आणि १३ हे आकडे असतील तर रेशो ३.५४, म्हणजे अमेरिकी बाजारासाठीचा. ४३ आणि १४ असतील तर ३.०७, इंग्लंड-युरोपचा. ३.५४ ची गाडी हायवेवर ओरडत पळते. बरेच जण आणल्यावर बदलतात, त्यामुळे हा खर्च आधीच हिशेबात घ्या.

पैसे पाठवताना एकच सांगणं. बँकेचा खाते क्रमांक 'बदललाय' असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. या धंद्यात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. शक्य असेल तिथे एस्क्रो (पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायची सोय) वापरा, म्हणजे टायटल आणि पैसे एकाच वेळी सुटतात.

आता कस्टम, जिथे अस्सलपणाला रोख किंमत येते. ब्रिटनमध्ये किमान ३० वर्षं जुनी, मूळ स्थितीतली, मोठे बदल न झालेली आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची गाडी कस्टमच्या वर्गीकरणात ९७०५ या शीर्षकाखाली ऐतिहासिक वस्तू म्हणून येते. आयात शुल्क शून्य, व्हॅट ५ टक्के. नाहीतर ती ८७०३ खाली साधी मोटार ठरते. शुल्क १० टक्के आणि वर २० टक्के व्हॅट. भाडं-विमा धरून गाडी ८०,००० पौंडांची समजा. पहिल्या मार्गाने कर ४,००० पौंड. दुसऱ्या मार्गाने ८,००० शुल्क आणि ८८,००० वर २० टक्के म्हणजे १७,६००, एकूण २५,६००. फरक २१,६०० पौंडांचा, नुसत्या वर्गीकरणामुळे. कस्टम एजंटने घाईत ८७०३ टाकलं तर नंतर परतावा मिळवायला महिने जातात. म्हणून हेरिटेज प्रमाणपत्र, फोटो आणि बदल झाले नसल्याचं पत्र जहाज लागण्याआधी त्याच्या हातात द्या. जर्मनीत याच प्रकारच्या गाडीला ७ टक्के लागतात, नेदरलँड्समध्ये ९. गाडी कोव्हेंट्रीत बनली म्हणून सूट मिळेल असं काहींना वाटतं. परत आलेल्या मालाच्या सवलतीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. इथे साठ वर्षं उलटलीत.

यातूनच एक सल्ला निघतो. स्टिअरिंग उजवीकडे न्यायचं असेल, पाच गिअरचा बॉक्स बसवायचा असेल, तर ते अमेरिकेत स्वस्त पडतं म्हणून तिथे करू नका. बदललेली गाडी घेऊन कस्टमपुढे 'मूळ स्थिती' सिद्ध करत बसावं लागेल. आणून, कर भरून मग करा, आणि काढलेला मूळ गिअरबॉक्स खोक्यात जपून ठेवा. भारतातही जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी तेव्हाच होते जेव्हा चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसतो. महाराष्ट्रात अशा गाडीला एमएच व्हीए मालिका मिळते. आयातीचं धोरण मात्र वेगळं असतं आणि ते बदलतं, तेव्हा मुंबई बंदराचं स्वप्न बघण्याआधी परकीय व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना वाचा.

जहाजासाठी कंटेनर घ्या. २० फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद, गाडी ४.४५ बाय १.६६. दोन्ही बाजूंना ३४-३५ सेंटिमीटरच उरतात, दार पुरतं उघडत नाही. उघड्या टपाची असेल तर ड्रायव्हर वरून निघतो, बंद टपाची असेल तर ढकलत आत घालणं बरं. पेट्रोल पाव टाकी, बॅटरीची तार काढलेली, चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे जमिनीला खिळवलेले. पट्टे चाकांवरून आवळायचे. पुढच्या नळ्यांच्या सांगाड्याला हुक लावून ताणला की तो वाकतो, आणि मग आपण वर बोललो त्या चौकटीपासून सगळं पुन्हा सुरू. सुटे भाग गाडीत कोंबू नका, त्यांची घोषणा वेगळी लागते. विमा सर्व जोखमींचा घ्या, फक्त जहाज बुडाल्यासाठीचा नको. जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला तर त्याचा भार सगळ्या मालधन्यांवर वाटला जातो. तुमची गाडी शाबूत असली तरी वाटा भरेपर्यंत ती मिळत नाही. चांगल्या विम्यात हे धरलेलं असतं.

गाडी उतरल्यापासून १४ दिवसांत ब्रिटिश करखात्याला नोव्हा सूचना (गाडी देशात आल्याची खबर) द्यायची. ती मंजूर झाल्यावर नोंदणीचा व्ही५५/५ अर्ज, मूळ टायटल आणि उत्पादन तारखेचा पुरावा वाहन कार्यालयाकडे. तारीख सिद्ध झाली की त्या काळाला शोभणारा नंबर मिळतो. जानेवारी ते जुलै १९६७ मधली गाडी असेल तर शेवटी ई अक्षर. ४० वर्षांवरची असल्याने रस्ता कर नाही आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. सक्ती नसली तरी हेडलाइट बदलाच. अमेरिकी दिव्यांचा डिपर उजवीकडे पडतो, आणि इंग्लंडात समोरची गाडी त्याच बाजूने येते.