बूदँचे ढग आणि अडलेला अर्ज

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार यूजेन बूदँ याने पेस्टलमध्ये (खडूसारख्या रंगकांड्यांनी) केलेली आकाशाची अभ्यासचित्रे भिंतीवर क्वचितच दिसतात. पेस्टलमध्ये बंधक द्रव्य नाममात्र असल्याने रंगाची भुकटी कागदावर सैलसर बसलेली असते आणि कागदालाही उजेड सोसत नाही. त्यामुळे ही चित्रे साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात काही महिने लावली जातात आणि पुन्हा अंधारात जातात. ज्याने आयुष्यभर उजेड रंगवला, त्याच्याच चित्रांच्या वाट्याला हे यावे! नियम योग्यच आहे. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही.

तक्रार आहे ती ही अंधारात ठेवलेली चित्रे प्रत्यक्ष पाहण्यासाठी फ्रान्समधील एका संग्रहालयाकडे कराव्या लागणाऱ्या अर्जाविषयी. शिफारसपत्र, ओळखपत्र वगैरे सहज जमले. घोडे अडले ते 'छायाचित्र पुरेसे का नाही?' या एका रकान्यापाशी. मी सविस्तर लिहिले की, बूदँ अनेकदा चित्रावर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवत असे, आणि १८५९ च्या सलोंविषयी (पॅरिसमधील मोठ्या चित्रप्रदर्शनाविषयी) लिहिताना फ्रेंच कवी बोदलेअरने म्हटले होते की, तो मजकूर हाताने झाकला तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येईल. मला नेमके हेच ताडून पाहायचे आहे. त्यावर उत्तरादाखल एक छायाचित्र आले, आणि त्यात मजकुराची कडाच कापलेली होती. मी ती त्रुटी दाखवताच पत्रव्यवहार थंडावला. स्मरणपत्रांना 'आपला संदेश मिळाला' एवढेच यांत्रिक उत्तर येई. बऱ्याच काळाने कळवण्यात आले की, ती चित्रे नुकतीच प्रदर्शनातून परतल्यामुळे विश्रांती घेत आहेत. हे पहिल्याच पत्रात सांगता आले नसते काय?

म्हणून अर्जात चित्रांचे नोंदणी क्रमांक द्यावेत आणि सोबत पर्यायी चित्रांचेही द्यावेत. माझे काम त्या पर्यायांमुळेच झाले. चित्रे दाखवतात त्या खोलीत केवळ पेन्सिल नेता येते. मंद प्रकाशाला डोळे सरावेपर्यंत थांबावे, नाहीतर राखाडी ढगांमधील गुलाबी छटा निसटतात. चित्राला हात लावण्याची मुभा नसल्याने मजकुरावर पुठ्ठ्याची पट्टी धरण्याची विनंती मी तेथील सहायिकेला केली, आणि तिने ती हसत मान्य केली. वारा मला ओळखता आला नाही; वेळ मात्र अचूक सांगितली, याचा अभिमान अजून ओसरलेला नाही.

आणखी एक राहिले: पत्र फ्रेंचमध्ये लिहावे. माझ्या इंग्रजी पत्रांपेक्षा फ्रेंच पत्राला उत्तर लवकर आले.