आखाजीनंतर पाहू

नवं अ‍ॅप घेतलं की पहिली संध्याकाळ कामं करण्यात नाही, कामं लिहिण्यात जाते. मोठी सुखाची संध्याकाळ असते ती. सध्या मी जे वापरून पाहतोय त्यात एक फळा आहे आणि फळ्यावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. एक काम म्हणजे एक चिठ्ठी, बोटानं सरकवली की पुढच्या रकान्यात. चिठ्ठ्यांना रंगही देता येतात. नोकरी जळगावात आणि केळी यावल तालुक्यात, म्हणून ऑफिसला निळा, शेताला हिरवा आणि घराला पिवळा दिला. पंपाचं वीजबिल हिरवं की पिवळं, यात मात्र बराच वेळ गेला.

खरी अडचण तारखेची. चिठ्ठी लिहिली रे लिहिली, की अ‍ॅप विचारतं, कधीपर्यंत? आता काय सांगणार! आमच्याकडची निम्मी कामं तारखेला बांधलेलीच नसतात. विहिरीवरची जुनी मोटार बदलायची आहे, पण कापूस विकला की. बिबडे-कुरडया घालायच्या आहेत, पण ऊन तापलं की. शेतावरच्या सालदार गड्याशी बोलणं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कारण त्याचं सालच आखाजी ते आखाजी. म्हटलं, निदान ही चिठ्ठी तरी ‘दरवर्षी’ म्हणून लावून टाकू. पण २०२४ मध्ये आखाजी १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. अ‍ॅपला तिथी कळत नाही. त्याच्या हिशोबानं चाललो असतो तर सालदार दहा दिवस आधीच दुसऱ्याच्या बांधावर दिसला असता.

केळीचं तर विचारूच नका. निसवल्यापासून, म्हणजे घड बाहेर पडल्यापासून, तीन-चार महिन्यांत घड कापणीला येतो, इतपत ठरलेलं. पण नेमका कोणत्या दिवशी कापायचा? व्यापाऱ्याची गाडी आली की! आणि ‘गाडी आली की’ ही तारीख अ‍ॅप घेत नाही.

गंमत म्हणजे या फळ्याचं मूळ जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइइची ओहनो यांनी तिथे कानबान नावाची पद्धत बसवली. पुढच्या टप्प्यावरून चिठ्ठी आली तरच मागच्यानं माल करायचा, तोही चिठ्ठीवर असेल तेवढाच. आधीच करून ढीग लावायचा नाही. हे वाचलं आणि मला थेट आमचा मळा दिसला. गाडी ठरल्याशिवाय कोणी घडाला विळा लावत नाही, कारण कापलेली केळी बांधावर वाट पाहत बसत नाहीत. म्हणजे मूळ पद्धत आमच्या बाजूची. दिसेल त्या कामाला तारीख चिकटवण्याची हौस अ‍ॅपवाल्यांची असावी, असा माझा दाट संशय आहे.

एक नियम मात्र मनापासून आवडला. ‘चालू आहे’ या रकान्यात किती चिठ्ठ्या मावतील, ते आपणच ठरवायचं. मी तीन ठरवल्या. चौथी सरकवायला गेलो की रकाना लाल होतो, आधी हातातलं संपवा म्हणतो. इतक्या स्पष्टपणे मला ऑफिसात कधी कुणी अडवलं नव्हतं.

शेवटी मी चौथा रकाना काढला आणि त्याला नाव दिलं ‘गाडीची वाट’. बघता बघता निम्मा फळा तिकडे गेला. मोटार तिथे, बिबडे तिथे, सालदारही तिथे. तारखेची जागा कोरी सोडली.

नाना शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, “त्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव टाक ना याच्यात. रोटा माराले येतो-येतो म्हणतो नुसता. त्याच्या मोबाइलवर वाजू दे.”

हे मला सुचलंच नव्हतं. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर करायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, फक्त समोरच्याकडे अ‍ॅप पाहिजे. ट्रॅक्टरवाल्याकडे ते नाही. पुण्याच्या धाकट्या भावाकडे आहे. म्हणून पंपाच्या बिलाची चिठ्ठी त्याच्या नावावर केली आणि तारीखही घातली, चांगली ठळक. पाचच मिनिटांत त्यानं ती उचलली आणि ‘गाडीची वाट’मध्ये नेऊन ठेवली.